एकोणिसावं पाकीट

१

फिरदोसनं तिसऱ्यांदा मोजलं, तरी पाकिटं तेवीसच भरली.

शुक्रवारी संध्याकाळी चोवीस होती. तिच्याच हातचा कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता : ‘पाकिटे २४. धागे सोडलेले नाहीत. आल्या क्रमाने ठेवली आहेत.’ आज सोमवार. ती जिना उतरून खाली आली आणि तिनं स्वतःच सांगितलं, “एक पाकीट गेलंय.”

साताऱ्यातल्या त्या ग्रंथसंग्रहाच्या वरच्या मजल्यावर प्रा. नाथाजी कणसे यांचे कागद होते. कणसेसरांनी सांगलीच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. ते जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या मागे व्याख्यानांच्या वह्या राहिल्या, पत्रं राहिली, आणि कुणाकडे नसेल अशी एक गोष्ट राहिली : मौनाच्या चिठ्ठ्या. सर दर एकादशीला उपास करत आणि त्या दिवशी तोंडातून शब्द काढत नसत. घरात काही हवंनको असलं की कागदाच्या तुकड्यावर लिहीत, घराबाहेर तेही नाही. संध्याकाळी त्यांच्या पत्नी बनुबाई त्या चिठ्ठ्या गोळा करून एका कोऱ्या पाकिटात घालत आणि पांढऱ्या धाग्यानं बांधत. वर्षाच्या चोवीस एकादश्या, चोवीस पाकिटं, एक पेटी.

ही पेटी अठ्ठावीस वर्षांपूर्वीची होती. दुपारी संग्रहाच्या समितीसमोर पाकिटं उघडून चिठ्ठ्यांवरच्या तारखा पाहिल्या. पौषातल्या पहिल्या एकादशीचं पाकीट नव्हतं.

ती एकादशी सगळ्यांना माहीत होती.

त्या पौषात कॉलेजच्या ग्रंथालयातून एक जुनी हस्तलिखित पोथी नाहीशी झाली. आळ आला ग्रंथालयातल्या शिपायावर. तो म्हणाला, पोथी मी कणसेसरांकडे दिली. मंगळवारी चौकशी बसली, सरांना बोलावलं. सर आले, हात जोडले, आणि ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवशी एकादशी होती. संध्याकाळी शिपायाला काढून टाकण्यात आलं. पोथी सहा महिन्यांनी कपाटामागे सापडली, तेव्हा लोक म्हणाले, शिपायानंच भिऊन आणून टाकली असेल.

ह्याच प्रसंगावर पुढे सरांनी ‘व्रत आणि साक्ष’ हा ग्रंथ लिहिला. देवाला दिलेला शब्द मोठा की माणसाची साक्ष मोठी, हा त्याचा प्रश्न. “त्या गरीब माणसाच्या सचोटीची ग्वाही मी देऊ शकलो असतो, पण माझं तोंड व्रतानं बांधलेलं होतं,” असं त्यात आहे. त्या पुस्तकानं सरांना मानसन्मान दिला आणि विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांना रडवलं. शिपायाचं नाव पुस्तकात नुसतं ‘च.’ असं येतं.

च. म्हणजे चांदसाहेब शिकलगार. फिरदोस त्यांची नात.

“हे तुम्ही इथे कामाला लागताना सांगितलं होतं का?” समितीचे अध्यक्ष डॉ. वीरधवल सूर्यवंशी यांनी विचारलं. ते सरांचे पट्टशिष्य, आणि आता त्याच कॉलेजचे प्राचार्य.

“कुणी विचारलं नव्हतं, सर.”

“किल्ली तुमच्याकडे. पेटी तुमच्याकडे. आणि गेलं ते नेमकं हेच पाकीट. गुरुवारी अकराला समिती बसेल. तोपर्यंत पाकीट आलं नाही, तर पोलिसांत तक्रार जाईल. ही जागा जाईलच, पण तुमच्या पीएच.डी.च्या नोंदणीवरही मला लिहावं लागेल.”

फिरदोस रडली नाही. एवढंच म्हणाली, “आमच्या घरात हे दुसऱ्यांदा होतंय.”

टेबलाच्या टोकाला अंबूबाई फडतरे बसल्या होत्या. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. समितीत त्या कागदांची काळजी घेण्यापुरत्या होत्या आणि सहसा बोलत नसत.

“गुरुवारपर्यंतचा वेळ मला द्या,” त्या म्हणाल्या. “कारण पाकिटं उघडायच्या आधी मी धागे बघून ठेवलेत.”

२

“धाग्यात काय बघायचंय, आक्का?” वरच्या खोलीचं दार उघडताना कृष्णातनं विचारलं. इमारतीची राखण त्याच्याकडे होती. “पोरगी लय सरळ हाय, एवढं मी सांगतो. आठ म्हैनं झालं, पंख्याखाली कागद उडंल म्हणून घामाघूम बसती, पर पंखा लावत न्हाई.”

“शनिवारी वर कोण कोण आलं होतं?”

“सरांचा स्मृतिदिन न्हवता का! सकाळी त्यांच्या घरची आली. लेक रेश्माताई आणि बनुआजी. आजींला मी हाताला धरून वर आणली. धा मिंटं बसल्या, पेट्यांवर हात फिरवला, झालं. दुपारी सूर्यवंशीसायब बसलं तासभर. रविवारी कुलूप.”

अंबूबाई वीरधवलांना भेटल्या तेव्हा ते गाडीत बसायच्या घाईत होते.

“सोळा पाकिटांच्या गाठी जुन्या होत्या, साहेब. पिवळ्या पडलेल्या, सुईनं सोडवाव्या लागल्या. शेवटच्या सातांना मात्र बुटाची नाडी बांधतात तसा फास होता.”

वीरधवल जरा वेळ बुटांकडेच बघत राहिले. मग हसले, पण ते हसू काही टिकलं नाही. “कोर्टाची सवय जात नाही तुमची. हो, मीच. नव्या आवृत्तीची प्रस्तावना लिहितोय. त्या मंगळवारी सरांनी घरात काय लिहिलं असेल, ते मला हवं होतं. थंडीतली सात पाकिटं उघडली. मंगळवारची तारीख कशावरच नव्हती.”

“मघाशी हे बोलला नाहीत.”

“फॉर्म न भरता पेटी उघडली, हे अध्यक्षानं सांगायचं? आणि सांगून फरक काय पडतो? मी शोधलं तेव्हा ते आधीच गेलेलं होतं. शुक्रवारी मोजणाऱ्या मुलीनंच नेलं असणार.”

“तुम्हाला सात उघडावी लागली,” अंबूबाई म्हणाल्या. “ज्यानं नेलं, त्याला एकही उघडावं लागलं नाही. चोवीस पाकिटं सारखी, कोरी, वर अक्षर नाही की खूण नाही. त्यातलं नेमकं एक कुणीतरी उचललं, आणि तुमच्या सातांखेरीज कुठल्याच गाठीला हात लागला नाही.”

वीरधवलांनी गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं.

“अंबूबाई, त्या पुस्तकावर माणसं जगलीत. मी जगलोय. जपून.”

३

दुसऱ्या दिवशी अंबूबाई मिरजेला गेल्या. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर चांदसाहेब एक मोठा भोपळा मांडीवर घेऊन आतून खरवडत बसले होते. कॉलेज सुटल्यापासून हेच काम. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण हात थरथरत नव्हता.

“या, या. फिरदोसनं सांगितलं फोनवर. अख्तरबी, च्या टाक गं पावण्यांना!” त्यांनी आत सुनेला हाक मारली. मग अंबूबाईंकडे बघून, “तुमचा आज उपासबिपास न्हाई न्हवं? तुमा लोकांचं कवा काय असंल, इचारून घ्यावं लागतं.”

“आज नाही. घेईन चहा.”

“पोरीनं न्हेलं न्हाई ते.”

“मला माहीत आहे. मला तुमच्या चौकशीचा दिवस ऐकायचाय.”

चांदसाहेबांनी भोपळा बाजूला ठेवला. “त्यात काय ऐकायचं? पोथी मी सरांच्या हातात दिली, लाल फडक्यात बांधून. वहीत नोंद केली न्हाई, ती चूक माझीच. पर सरांचा शब्द म्हंजे आमाला नोंदच वाटायची.”

“तुम्हाला राग नाही आला कधी? त्यांनी तोंड उघडलं नाही म्हणून?”

“आवं, व्रत हुतं त्यांचं. आमचा रोजा असताना कुणी बळंच पाणी पाजलं तर? दुसऱ्याचं व्रत मोडाय लावायचं पाप मी कशाला घिऊ? नशिबानं दिवस तसा आला, त्याला त्यांनी काय करावं?” ते थांबले. “पुस्तकात लिवलं की त्यांनी, मी सचोटीचा हाय म्हणून. फिरदोसनं वाचून दाखवलं. पोथीचं मातर लिवलं न्हाई. इसरलं असतील.”

आतून चहा आला. अंबूबाईंनी बशीत ओतला नाही, कप तसाच हातात धरला.

“त्या दिवशी सर सकाळपासून बोलत नव्हते?”

“न्हाई ना. मी नमस्कार केला तर नुसती मान हलवली. चौकशी दुपारी दोनला. एक वाजता रोजच्यासारखं ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत डबा खाल्ला आमी. सर कवा एकटं जेवलं न्हाईत, माझ्यासाठी अर्धं काढायचंच. त्या दिवशीबी काढलं. माझ्याकडं बगत नव्हतं, पर भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. वर वांग्याचं कालवण. मला वाटलं, तोंड बंद हाय पर माया हाय.”

अंबूबाईंनी कप खाली ठेवला.

“भाकरी? त्यांनी स्वतः खाल्ली?”

“खाल्ली की. का वो?”

“एकादशीला त्यांनी तुमच्याबरोबर कधी डबा खाल्लेला आठवतो?”

चांदसाहेबांनी आठवून पाहिलं. “न्हाई. एकादशीला ते रजाच टाकायचं. त्या दिवशी चौकशी म्हणून आलं असतील. मौन म्हंजे बोलायचं न्हाई, एवढंच मला ठावं.”

अठ्ठावीस वर्षं ती अर्धी भाकरी ह्या माणसानं मायेची खूण म्हणून जपली होती. एकादशीचा उपास धरणारा माणूस त्या दिवशी धान्याच्या कणाला शिवत नाही, हे अंबूबाईंना आत्ता, ह्या पायरीवर सांगणं जमलं नाही.

“चहा गार झाला, बाई.”

“होऊ दे,” त्या म्हणाल्या. “तुमच्यापाशी अजून एकदा यावं लागेल मला.”

४

त्या रात्री काही न करता अंबूबाईंनी पहाटेची वाट पाहिली. स्नान, तुळशीला पाणी, रोजचं वाचन झालं, आणि मग त्यांनी माळ्यावरची जुनी पंचांगं खाली काढली. घरातलं पंचांग त्या कधी रद्दीत देत नसत.

त्या वर्षीचं सापडलं. पौषातल्या त्या मंगळवारी ठळक अक्षरांत स्मार्त एकादशी होती. आणि खालच्या ओळीत, बुधवारी, बारीक अक्षरांत : भागवत एकादशी.

कधीकधी एकादशी अशी दोन दिवसांवर येते. काही घरं पहिला दिवस धरतात, काही दुसरा. ज्याचं त्याचं घराणं ठरवतं, आणि एकदा ठरलं की बदलत नाही. कॉलेजातल्या मंडळींनी भिंतीवरच्या कॅलेंडरात ठळक अक्षर बघितलं असेल, आणि कणसेसरांची एकादशी कोणती, हे कुणाच्याही मनात आलं नसेल.

संग्रहात येऊन त्यांनी फिरदोसला त्याच पेटीतलं भाद्रपदातलं पाकीट काढायला सांगितलं. त्या महिन्यातही एकादशी दोन दिवस होती, रविवारी आणि सोमवारी.

“चिठ्ठीवर वार कोणता आहे?”

“सोमवार, बाई.”

“म्हणजे दुसरा दिवस. सर भागवत एकादशी धरत होते.”

फिरदोसला हळूहळू उमगलं. “मग मंगळवारी त्यांना मौन नव्हतंच?”

“नव्हतं.”

“आणि गेलेलं पाकीट मंगळवारचं नाहीच. बुधवारचं.”

“हो. जो मंगळवार शोधेल, त्याला ते कधीच सापडलं नसतं. सूर्यवंशीसाहेबांना तर ते समोर असतं तरी कळलं नसतं. आता सांग, पाकिटं कोणत्या क्रमानं आली होती?”

“चैत्रापासून. सरांच्या घरून आलेल्या ट्रंकेत जशी होती तशी मी ठेवली. पण मला ते सोमवारी उघडल्यावर कळलं, आधी नाही.”

“चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत नऊ महिने, अठरा पाकिटं. पौषातलं पहिलं एकोणिसावं. ज्याला हे ठाऊक आहे त्याला डोळे मिटूनही ते काढता येईल. तो क्रम लावणारं माणूस एकच आहे, फिरदोस.”

सांगलीत विश्रामबागेतल्या घराच्या फाटकावरच रेश्मानं त्यांना अडवलं. ती शाळेत गणित शिकवायची. नजरही पेपर तपासल्यासारखी.

“आईला काही सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. कोर्टातून निवृत्त झालात ना? मग झालं की.”

“कोण हाय गं?” आतून आवाज आला. “उन्हात हुबं करून काय इचारतीस? आत घे.”

बनुबाई देवघरापुढे वाती वळत बसल्या होत्या. अंबूबाई शेजारी बसल्या, समोरचा कापूस घेतला आणि त्याही वळू लागल्या.

“सवय हाय तुमाला,” बनुबाई म्हणाल्या.

“रोजच्याच आहेत. तुमच्याकडे एकादशी कोणती धरतात?”

“भागवत. म्हायेरी आष्ट्यातबी तीच. दोन आल्या की दुसरी धरायची.”

“मग पहिल्या दिवशी घरात भाकरी होते.”

“व्हतीया की.” बनुबाईंची बोटं थांबली. त्या म्हणाल्या, “एवढ्या लांबनं तुमी माझी एकादशी इचाराय आला न्हाईसा.”

“नाही आले. एकोणिसावं पाकीट गेलं, आणि त्याचा आळ एका मुलीवर आलाय. उद्या पोलिसांत देणार आहेत तिला. चांदसाहेबांची नात आहे ती.”

बनुबाईंनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. “तुला ठावं हुतं?”

“आई, डॉक्टरांनी तुला त्रास...”

“डाक्तरला घाल चुलीत. तुला ठावं हुतं?”

रेश्माचा आवाज बारीक झाला. “पाकीट तू घेतलंस? तुला तर त्यातलं अक्षर वाचता येत नाही, आई.”

“म्हणूनच मला दिलं त्यांनी.”

म्हातारी जमिनीवर हात टेकून उठली आणि देवघराच्या फळीवर गुंडाळून ठेवलेल्या कापडापर्यंत गेली. कापड सोडलं नाही. तसंच छातीशी धरलं.

“किती वाजता हाय ती मीटिंग?”

५

गुरुवारी अकराला समिती बसली, तेव्हा वीरधवलांपुढे तक्रारीचा मसुदा टाइप होऊन आलेला होता. फिरदोस भिंतीपाशी उभी होती.

“अंबूबाई, तुमचं काही?”

“माझं थोडं आहे. बाकीचं ज्यांचं आहे ते जिना चढतायत.”

कृष्णातच्या हाताला धरून बनुबाई आत आल्या, मागे रेश्मा. वीरधवल झटकन उठले, वाकून नमस्कार केला, खुर्ची पुढे ओढली. बनुबाई बसल्या नाहीत. त्यांनी कापड उघडून पाकीट टेबलावर ठेवलं. धागा जुना, गाठ न सुटलेली.

“ह्या पोरीनं न्हेलं न्हाई. मी न्हेलं. शनवारी पदराखाली घातलं.”

“आई, तुम्ही?” वीरधवल बसले. “का?”

“माझं हाय म्हणून. माझं मोतीबिंदू काढलं तवा मी मिरजंला दवाखान्यात हुते, आणि घरच्यांनी तेवढ्यात अक्खी ट्रंक हितं धाडली.” त्यांनी रेश्माकडे बोट केलं नाही, पण रेश्मानं मान खाली घातली. “बाकीच्या चिठ्ठ्या म्हंजे पाणी दे, चश्मा कुठं हाय, असलं. रेश्मा वाचून सांगायची मला. ह्या दिवशी पोरगी शाळंला गेलती. त्या बुधवारी हे सकाळपासनं ल्हित बसलं. ल्हायचं, डोळं पुसायचं, माझ्या हातात द्यायचं. मी म्हणलं, आवं मला काय कळतंय ह्यातलं? तर हात जोडलं माझ्यापुढं. सांजच्याला बांधून ठेवलं मी. अठ्ठावीस वर्सं झाली, कुणाकडनं वाचून घ्यावं त्येच कळंना.”

अंबूबाईंनी तेव्हा, हळू आवाजात, पंचांग उघडून मंगळवार आणि बुधवार दाखवले, भाद्रपदातल्या चिठ्ठीवरचा सोमवार दाखवला, आणि मिरजेच्या पायरीवर ऐकलेली भाकरी सांगितली. कुणाला फारसं विचारावं लागलं नाही. समितीतले एक वृद्ध सदस्य, स्वतः दोन वर्षं सरांचे विद्यार्थी असलेले, खिडकीकडे तोंड करून बसले.

वीरधवलांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला. “ठीक आहे. पाकीट मिळालं. फिरदोस, तुमच्यावर काही नाही, मी माफी मागतो. आई, हे पाकीट तुम्ही घरी न्या. ते उघडायची काही गरज नाही. विषय संपला.”

“तुमचा संपला आसंल,” बनुबाई म्हणाल्या. “ह्या पोरीच्या आज्जाचा न्हाई संपला.”

“आई, सर आपल्यात नाहीत. त्यांना उत्तर देता येणार नाही.”

“त्यो काय उत्तर देणार? हितं उत्तर बांधून ठेवलंय न्हवं का!” त्यांनी पाकीट उचललं आणि भिंतीपाशी जाऊन फिरदोसच्या हातात दिलं. “वाच, बाळ.”

“मी वाचते, आई,” रेश्मा पुढे झाली.

“तू नगं. तुझा बाप हाय त्यो. एखादा शबुद गिळशील.”

फिरदोसनं अंबूबाईंकडे पाहिलं. अंबूबाईंनी पिशवीतून सुई काढून दिली. गाठ सुटायला वेळ लागला. आत लहान लहान तुकडे होते, आकडे घालून क्रमानं लावलेले. ती वाचू लागली.

“बनू, तुला हे वाचता येणार नाही, म्हणून तुला लिहितोय.

“पोथी माझ्याकडे आहे. अभ्यासाच्या टेबलावर, लाल फडक्यात. तू काल तिच्यावरची धूळ झटकलीस.

“चांदसाहेबांनी ती माझ्या शब्दावर दिली. चौकशीत ते खरं बोलले.

“येत्या सोमवारी विभागप्रमुखाची निवड आहे. नोंद न करता पोथी घरी आणली, हे कळलं तर माझं नाव जाईल. शिपायाचं काय, त्याला दुसरं काम मिळेल, असं मी काल स्वतःला सांगितलं.

“काल मौन नव्हतं, तुलाच ठाऊक आहे. तू भाकरी दिली होतीस. कॅलेंडरात एकादशी छापलेली बघितली आणि मी तिचा आधार घेतला. आज खरं मौन आहे आणि आज मला बोलायचंय.”

फिरदोस थांबली. पुढचा तुकडा तिनं दोनदा पाहिला.

“उद्या सांगेन.”

“पुढं?” बनुबाईंनी विचारलं.

“पुढे काही नाही, आजी. ही शेवटची चिठ्ठी.”

रेश्मा तोंडाला पदर लावून खाली बसली. वीरधवल कोपरं टेबलावर टेकून बसले होते. ज्या पुस्तकाची प्रस्तावना ते वर्षभर लिहीत होते, त्याची जुनी प्रत समोरच पडली होती. त्यांनी ती उघडली नाही आणि बाजूलाही सारली नाही.

“नवी आवृत्ती...” कुणीतरी सुरुवात केली.

“निघेल,” वीरधवल म्हणाले. “ह्या चिठ्ठ्या आधी छापून. आणि पूर्ण नावानिशी. च. नाही, चांदसाहेब शिकलगार.” ते बोलताना त्यांचा आवाज परका वाटत होता. “अंबूबाई, इतिवृत्तात घ्या. सगळं घ्या. कॉलेजनं जे केलं त्याचं पत्र मी काढतो.”

अंबूबाई लिहू लागल्या. त्यांना बरं वाटत नव्हतं. सरांच्या व्याख्यानाला त्या एकदा गेल्या होत्या, आणि परत येताना देवाचं घ्यावं तसं त्या माणसाचं नाव घेत होत्या. पण पेन थांबला नाही.

फिरदोसनं चिठ्ठ्या पुन्हा आकड्यांप्रमाणे लावल्या, पाकिटात घातल्या. मग तिनं फोन काढला आणि खोलीबाहेर जाऊ लागली.

“कुणाला लावतीस?” बनुबाईंनी विचारलं.

“दादांना, आजोबांना. मिरजेला.”

“सांगू नगंस तू. मला दे.”

“आजी, मी सांगते ना. तुम्हाला त्रास होईल.”

“हुंदे की.” म्हातारीनं हात पुढे केला. फिरदोसनं नंबर लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडे खूप वेळ रिंग वाजत राहिली. मग फोन उचलला गेला, भोपळा बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि कुणीतरी “हां, बोल बेटा” म्हणालं.

बनुबाईंनी एकदा डोळे मिटले.

“चांदसाहेब,” त्या म्हणाल्या, “मी कणसेसरांच्या घरची बोलतीया.”